पॉलिश की तीर्थ

"अहो, तुमच्या भगिनी पॉलिश लावतायत की तीर्थ वाटतायत?"

हे बोलणारे काका माझ्यापासून हातभर अंतरावर उभे होते. मी त्यांच्या गाडीच्या मागच्या दाराशी उकिडवी बसले होते आणि मशीनच्या फोमवर पॉलिशचे थेंब टाकत होते. प्रश्न मात्र माझ्या डोक्यावरून शेडच्या दुसऱ्या टोकाला, टेबलामागे बसलेल्या माझ्या मोठ्या भावाकडे गेला. भाऊ खो खो हसला. मला त्या हसण्याचा आजही राग येतो. वाक्याचा तेवढा येत नाही, कारण वाक्य चांगलं होतं. पुण्यात माणूस टोचतो तेव्हा निदान सुई तरी धारदार वापरतो.

आमची शेड कर्वेनगरात आहे. गाड्या धुणं, आतून साफ करणं आणि मशीननं पॉलिश करणं, एवढंच काम. आम्ही भाऊ-बहीण मूळचे वर्ध्याकडचे. भाऊ आधी नोकरीसाठी आला. मग मी आले, शहराबाहेरच्या एका मोटारींच्या कारखान्यात रंग तपासून पॉलिश करायच्या लाइनवर कंत्राटी कामाला. कंत्राट संपलं, शिकलेला हात राहिला. शेड टाकली तेव्हा कागद भावाच्या नावावर झाले, गिऱ्हाइकांशी बोलणं भावाकडे गेलं आणि मशीन माझ्याकडे आलं. ही वाटणी आम्ही बसून कधी ठरवली नाही, ती आपोआप होत गेली.

त्या वाटणीची एक गंमत झाली, गंमत गिऱ्हाइकांची, मला तिचा वैताग. आलेला माणूस किल्ली भावाला देतो, हे ठीक आहे. पण मी गाडीवर काम करत असताना त्याला काही सांगायचं असलं, तरी तो भावालाच सांगतो. "त्यांना म्हणावं, आरशाला जपून." मी ऐकते, मान हलवते. मग भाऊ तेच वाक्य मला पुन्हा ऐकवतो, जणू आमच्यामध्ये भिंत आहे आणि भिंतीला कान फक्त त्याच्याच बाजूला आहेत.

त्यात आमची बोली. आमच्याकडे "मी आहे" म्हणत नाहीत, "मी आहो" म्हणतात. पुण्यात आले तेव्हा एकदा फोनवर मी "मी शेडवर आहो" म्हटलं, तर पलीकडच्या बाईंनी विचारलं, "अहो कोणाला म्हणताय?" तेव्हापासून गिऱ्हाइकांसमोर मी जपून "आहे" म्हणते. "आहो" घरात आणि भावापुरतं.

आता तीर्थाचं. लोकांना वाटतं, पॉलिश म्हणजे तेल किंवा क्रीम. जितकं चोपडाल तितकी चकाकी. तसं नाही. पॉलिशमध्ये डोळ्यांना न दिसणारी बारीक खर, रेतीसारखी कणी, असते. मशीन फिरतं तेव्हा ती खर रंगाच्या वरचा पारदर्शक थर किंचितसा घासते आणि ओरखड्यांच्या कडा सपाट होतात. म्हणजे पॉलिश काही भरत नाही, ते काढतं. कमी पडलं तर कोरडा फोम रंगावर घासतो, तापतो, पांढरी भुकटी उडते आणि नवे ओरखडे पडतात. हे लोकांना पटतं. जास्त झालं तर मात्र बिघडतं, हे कोणाला पटत नाही. तवा तेलानं माखला की धिरडं धरत नाही, नुसतं सरकतं. फोमचंही तेच होतं. तो ओल्यावरून घसरत राहतो आणि खर रंगापर्यंत पोचतच नाही. वर पॉलिशमधलं तेल ओरखड्यांत जाऊन बसतं, म्हणून गाडी त्या दिवशी झकास दिसते. दोन-चारदा धुतली की तेल जातं आणि ओरखडे जिथल्या तिथे. वरून कीर्तन, आतून तमाशा.

म्हणून माप एकच. नव्या फोमला आधी बोटानं पॉलिशचा पातळ हात द्यायचा, फोमचं सगळं तोंड ओलसर होईल इतकाच. मग त्यावर चार-पाच थेंब, कपाळावरच्या टिकलीएवढे. तेवढ्यावर गाडीचा एक तुकडा करायचा, उंबऱ्याबाहेर रांगोळी काढायला सारवतो तेवढा. मग फोम ब्रशनं साफ करायचा आणि पुढच्या तुकड्याला पुन्हा टिकल्या. कारखान्यात मला हे ओरडून ओरडून शिकवलं होतं. इथे मी तेच करते, तर मी कंजूष.

आणि गंमत बघा, कंजूष कोण म्हणतं, तर पुण्याचे लोक. आमच्या वर्ध्याकडे पाहुण्याच्या ताटात भाजीवर तेलाचा तवंग नसला तर यजमानाची मान खाली जाते. पुण्यात येऊन राहिलेल्या आमच्याकडच्या प्रत्येकाला एकच धास्ती असते, की गावाकडचे म्हणतील, हा पुणेरी झाला, याचा हात आखडला. माझ्या भावाला ती धास्ती जरा जास्तच आहे. त्याला चहासुद्धा कपाबाहेर सांडेपर्यंत ओतावा लागतो. त्यामुळे काकांच्या टोमण्यानं तो हसला, पण आतून त्याला ते लागलं, हे मला दिसलं. एका पुणेकरानं आपला हात आखडता म्हणावं, हे त्याच्या जिवाला खुपलं.

काका तसे साधे गिऱ्हाईक नव्हते. हयात सदाशिव पेठेत काढून निवृत्तीनंतर कर्वेनगरातल्या एका सोसायटीत राहायला आलेले, आणि वर्षभरात त्या सोसायटीचे अध्यक्ष झालेले. दसरा जवळ आला होता. सोसायटीतल्या सगळ्या गाड्या एकाच ठिकाणी द्याव्यात, असा त्यांचा विचार होता आणि आधी स्वतःची गडद निळी गाडी देऊन ते आमची परीक्षा बघत होते. गाडी आली त्या सकाळी भावानं मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, की काका खूश झाले पाहिजेत. नाही झाले, तर मशीनवर एक माणूस ठेवायचा. त्यानं कोणाशी तरी बोलणंही करून ठेवलं होतं. मी टेबलामागे बसायचं, फोन घ्यायचे, पावत्या फाडायच्या. "तुलाही आराम होईल," तो म्हणाला.

आराम. मला मशीन सोडून आराम नको होता. उन्हात गाडी उभी केली की बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतात ना, ते एका तुकड्यापुरते नाहीसे झालेले बॅटरीच्या उजेडात बघणं, हे माझ्या दिवसातलं एकमेव असं काम आहे ज्याबद्दल मला कोणाला विचारावं लागत नाही. झालं की झालेलं दिसतं. ते माझ्याकडून काढून घेण्याची गोष्ट माझा सख्खा भाऊ आराम म्हणून सांगत होता.

तर त्या दिवशी तीर्थाचा टोमणा खाऊन मी दारं केली, छप्पर केलं, डिकी केली. काका मागे हात बांधून फिरत होते आणि अधूनमधून भावाला सूचना देत होते. भगिनींना म्हणावं, जरा सढळ. भगिनींना म्हणावं, बाटलीत ठेवून करायचंय काय. बॉनेट तेवढं राहिलं. फोम भरला होता, म्हणून मी तो धुवायला शेडमागच्या नळावर गेले.

फोम पिळत असताना मला मशीनचा आवाज आला. माझ्या हातात नसलेल्या मशीनचा आवाज मला लगेच कळतो. धावत आले, तर भाऊ बॉनेटवर होता. त्यानं बाटली उलटी धरून जिलेब्या पाडाव्यात तसं पॉलिश बॉनेटभर पाडलं होतं आणि दुसरा फोम लावून त्यावरून मशीन सरकवत होता. पांढरे शिंतोडे काचेपर्यंत उडाले होते, हेडलाइटच्या फटीत शिरले होते, त्याच्या शर्टावर होते. काका प्रसन्न होते. "हं, आत्ता कसं," ते म्हणाले.

मी म्हटलं, "दादा, थांब. काय करून राहिला तू?"

त्यानं मला डोळा मारला. मशीन बंद केल्यावर हळूच म्हणाला, "काहून एवढी चिडून राहिली? थोडं जास्त लागलं तर काय होते? काका खूश आहे ना."

मला ते सगळं पुसून बॉनेट पुन्हा करायचं होतं. भाऊ म्हणाला, असू दे. काका म्हणाले, छान झालंय, आता हात लावू नका म्हणावं. बॉनेट चकाकत होतंच, ओशट चकाकत होतं, नुकतं तेल लावलेल्या डोक्यासारखं. भावानं कडा पुसल्या, किल्ली काकांच्या हातात दिली आणि गाडी गेली. मी ओला फोम हातात धरून उभी राहिले. तळपायाची आग मस्तकात जाणे म्हणजे काय, ते मला त्या दिवशी नेमकं कळलं. सुरुवात खरंच पायातून होते.

दसऱ्याला भावानं शेडमध्ये पूजा मांडली. मशीनला हार घातला, हळदीकुंकू लावलं. मी बघत होते. करंगळीशेजारच्या बोटाचं टोक कुंकवाला टेकवलं, मशीनला टेकवलं, झालं. कोणी करंडा उपडा केला नाही. देवाला बोटाच्या टोकाएवढं पुरतं हे या माणसाला कळतं, आणि बॉनेटला मात्र अर्धी बाटली लागते. मी हे त्याला बोलून दाखवलं. तो म्हणाला, सणाचं तरी तोंड गोड ठेव.

सोसायटीच्या गाड्या दसऱ्याच्या आधीच आल्या होत्या. काकांनी शब्द पाळला, ते कबूल करायला हवं. गाड्यांबरोबर तो टोमणाही आला, कारण काकांनी तो सोसायटीभर सांगितला होता आणि भाऊ स्वतःच येणाऱ्याला ऐकवत होता. "माझ्या बहिणीचं तीर्थ घ्या." लोक हसायचे. कोणी कोणी माझ्यासमोर तळहात पुढे करून दाखवायचे, तीर्थ घेतल्यासारखे. मी टिकल्या लावत राहिले. त्या सगळ्या गाड्या मी केल्या, आणि त्यातली एकही परत आली नाही. हे भावानं कोणाला सांगितल्याचं मला आठवत नाही.

परत आली ती काकांची. दिवाळी होऊन गेली होती. काकांनी गाडी शेडसमोर उन्हात उभी केली, उतरले, आणि बॉनेटकडे बोट केलं. सगळं जाळं परत वर आलं होतं. हेडलाइटच्या फटीत आणि बॉनेटच्या कडेच्या रबरात पॉलिश वाळून चुन्यासारखं पांढरं बसलं होतं. दारं, छप्पर, डिकी मात्र तशीच नितळ होती. मी मनात म्हटलं, आता तरी कळेल. दारं कोणी केली आणि बॉनेट कोणी केलं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

पण माणूस आपल्याला हवं तेच लक्षात ठेवतो. काका भावाला म्हणाले, "बघा. मी तेव्हाच म्हणालो होतो. तुमच्या भगिनींनी हात आखडता घेतला, त्याचं हे फळ."

मी भावाकडे बघितलं. त्यानं फक्त एवढंच म्हणायला हवं होतं, की काका, बॉनेट मी केलं होतं. एवढंच. मी चिडलेली असले तरी त्याच्यावर माझा तेवढा विश्वास होता. लहानपणी शाळेत माझ्या वाटणीच्या छड्या खाल्लेला भाऊ आहे तो. तो म्हणाला, "तिच्याकडून राहून गेलं काका. उद्यापर्यंत करून देतो."

चोर सोडून संन्याशाला सुळी, ही म्हण मी शेकडो वेळा ऐकली आहे. सुळीवर असताना ती म्हण आठवत नाही. काका गाडी ठेवून रिक्षानं गेले आणि मग मी भावाला विचारलं, "बॉनेट कोणं केलं होतं?"

"अवं, गिऱ्हाइकासमोर काय सांगू? माझं नाव खराब झालं तर शेडचं होते."

"आणि माझं झालं तर?"

त्यानं काकांची किल्ली खिळ्याला अडकवली. उत्तर आम्हां दोघांना ठाऊक होतं. माझं नाव खराब झालं तर कोणाचंच काही बिघडत नाही, कारण माझं नाव कोणी घेतच नाही. मग त्यानं विषय बदलल्यासारखं करून सांगितलं, की मशीनवर तो माणूस सोमवारपासून येऊन राहिला आहे. हे बॉनेट तेवढं मी करून द्यावं. "तुझ्या पद्धतीनं कर," असंही म्हणाला. तिथे मात्र त्याला माझी पद्धत बरोबर आठवली.

नाही म्हणावं असं मला फार वाटलं. पण गाडीनं माझं काय बिघडवलं होतं? आणि मशीनवरचं माझं शेवटचं काम म्हणून दादानं खराब केलेलं बॉनेट तसंच सोडून द्यायचं, हेही मला सोसवेना.

रागात पॉलिश करता येत नाही. मशीनवर जोर पडला की फोम फिरायचा थांबतो, आणि वड्याचं तेल वांग्यावर काढायला रंग ही जागा नव्हे. म्हणून मी राग आधी फटींवर काढला. ब्रश घेऊन हेडलाइटच्या कडेचा पांढरा चुना खरवडला, रबर पुसलं, दादाच्या सढळ हाताची एकेक खूण वेचून काढली. मग बॉनेट धुतलं, कोरडं केलं. नवा फोम घेतला, बोटानं त्याला पातळ हात दिला. टिकल्या लावल्या. मशीन आधी बंदच ठेवून फोम रंगावर टेकवून पसरवला, म्हणजे शिंतोडे उडत नाहीत. मग सुरू केलं आणि हळूहळू, उभं आणि आडवं, एकेक तुकडा. पॉलिशची पातळ साय दिसेनाशी होत येते, तेव्हा थांबायचं. फडक्याचा एक हलका हात फिरवला की खाली काही चिकटून राहत नाही. योग्य माप झाल्याची खूण हीच, पुसायला फारसं उरत नाही. प्रत्येक तुकड्यानंतर बॅटरी मारून बघत होते. जाळं गेलं होतं. हातानं काम चोख केलं, पण डोकं शांत झालं नाही. काम करताना राग निवळतो असं लोक सांगतात, त्यांनी ते कोणाच्या रागाबद्दल सांगितलंय कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी काका आले. गाडी उन्हात काढली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, वाकून बॉनेटला नाक लागेल इतक्या जवळून बघितलं, कडेच्या फटीत नख घालून बघितलं. मग सरळ होऊन भावाला म्हणाले, "बघा, या वेळी सढळ हातानं लावलंत. फरक पडतो की नाही?"

"हो काका," भाऊ म्हणाला.

हे "हो काका" मी कित्येक वर्षं ऐकत आले होते. त्या दिवशी ते माझ्या कानाला सहन झालं नाही.

"नाही काका," मी म्हटलं. "आधीच्या वेळी बॉनेट दादानं केलं होतं, अर्धी बाटली ओतून. तुम्ही इथेच उभे होतात. काल मी केलं. टिकलीएवढे थेंब, तुमच्या भाषेत तीर्थ. दारंही तशीच केली होती, ती बघा."

भावानं मोबाइल काढला आणि तो काहीही न आलेल्या स्क्रीनकडे बघायला लागला. काकांनी चष्मा खाली घेतला. दाराकडे बघितलं, बॉनेटकडे बघितलं. मला वाटलं, आता ते चिडतील, सोसायटीचं काम जाईल आणि दादा आयुष्यभर मला ऐकवील. पण काका पेठेतले होते. त्यांना आपली चूक झाल्याचं कळलं, तर ती निदान नीट वाक्यात मांडायची सवय होती.

"म्हणजे तीर्थच लागू पडलं म्हणायचं," ते म्हणाले.

दादानं त्या मशीनवरच्या माणसाला सोमवारी बोलावलं नाही आणि नंतरही कधी बोलावलं नाही, हे इथेच सांगून टाकते. मशीन माझ्याकडे राहिलं, आजही आहे. मला राहायला हवं होतं ते राहिलं. तरी माझा राग गेला नाही, आणि तो का गेला नाही हे काकांच्या पुढच्या वाक्यात आहे.

किल्ली घेऊन ते निघाले. माझ्या अगदी समोरून, म्हणजे मी हात पुढे केला असता तर त्यांच्या बाहीला लागला असता इतक्या जवळून, ते गेले. गाडीचं दार उघडून थांबले, मागे वळले आणि माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत भावाला म्हणाले, "तुमच्या भगिनींना सांगा, काम उत्तम झालंय. पुढच्या दसऱ्यालाही त्यांनीच करायचं."

भाऊ ते मला सांगायला खरंच माझ्याकडे वळला. त्यानं तोंड उघडलंसुद्धा.

मी म्हटलं, "दादा, काकांना सांग, मी इथंच उभी आहो."